सह्याद्रीचें नीलवंत फुलपाखरूं व बागाइतदाराचें कर्तव्य

लिंबाच्या झाडावर अळी दिसली कीं ती शत्रु समजून चिरडावी, अशी आपली रीत आहे. आम्हीही पुष्कळ वर्षें तसेंच केलें. परंतु खातेदार ओळखल्यावांचून फेरफाराची नोंद करणें जसें चूक, तसेंच अळी ओळखल्यावांचून तिला शिक्षा देणें चूक, हें आम्हांस उशिरां कळलें.

सह्याद्रीच्या रानांत व पायथ्याच्या बागांत नीलवंत अथवा राणी पाकोळी या नांवाचें मोठें फुलपाखरूं आढळतें. महाराष्ट्र सरकारनें २०१५ सालीं त्यास राज्य-फुलपाखराचा मान दिला. पंख पसरले असतां त्याची रुंदी १२ ते १५ सेंटिमीटर, म्हणजे पांचसहा इंच भरते. वरची बाजू मखमलीसारखी काळी. पुढील पंखांवर फिकट निळ्या पट्ट्यांची रांग. मागील पंखांचा बराच भाग निळसर व त्यावर काळे ठिपके. पंख मिटले कीं मुळाशीं तांबडे ठिपके दिसतात. मागील पंखांस शेपटी नसते.

याच कुळांतील लिंबावरचें दुसरें फुलपाखरूं आकारानें लहान असून काळ्या पंखांवर पिवळसर ठिपक्यांचें असतें. लिंबूवर्गीय कोंवळ्या रोपांचीं पानें फस्त करणारी अळी बहुधा याची असते.

नीलवंताची मादी माकडलिंबू, पपनस, लिंबू इत्यादि झाडांच्या पानांवर एकेक अंडें घालते. दोहोंच्याही अळ्या प्रथम पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात व पुढें हिरव्या होतात. डिवचल्यास डोक्यामागून दुफाटी शिंग काढून उग्र वास सोडतात. घोटाळा होतो तो यामुळेंच.

म्हणून आमची सूचना अशी :

१. रोपें लहान असतील तर रोज पानें तपासून अळ्या हातानेंच वेंचाव्या. त्या न मारतां माकडलिंबाच्या अथवा मोठ्या पपनसाच्या झाडावर सोडाव्या.

२. वाढलेल्या झाडावर पांचचार अळ्या असल्यास औषध फवारूं नये. तेवढ्यानें झाडाचें कांहीं बिघडत नाहीं.

३. बांधावरील माकडलिंबाचें झुडूप निरुपयोगी समजून तोडूं नये.

पानें दोनचार गेलीं तरी झाड पुन्हां पालवतें. परंतु रानें तुटत असतां बांधावरचा हा आसराही गेला, तर नीलवंत कोठें जाईल, याचा वाचकांनीं विचार करावा.