सूर्यप्रकाशाविना जीवसृष्टी

शाळेत अन्नसाखळी शिकविताना फळ्यावर प्रथम सूर्य काढला जातो. मग वनस्पती, मग प्राणी. परग्रहावर जीव असलाच, तर तो पुरेशा सूर्यप्रकाशातच असणार, हा समजही याच चित्रातून रुजला. १९७७ साली त्यास धक्का बसला.

त्या वर्षी फेब्रुवारीत ‘ॲल्विन’ ही पाणबुडी गालापागोस बेटांजवळ सुमारे २,५०० मीटर खोल उतरली. शोध होता सागरतळाच्या भेगांतून येणाऱ्या उष्ण झऱ्यांचा. मोहिमेत भूशास्त्रज्ञ होते. जीवशास्त्रज्ञ एकही नव्हता! झरे सापडलेच, पण त्यांच्याभोवती मोठमोठे शिंपले आणि नळ्यांत राहणारे लांबलचक कृमीही दिसले. पूर्ण वाढलेल्या या कृमींना तोंड नसते, आतडेही नसते. त्यांच्या शरीरातील जिवाणू हायड्रोजन सल्फाइड या सडक्या अंड्यासारखा वास येणाऱ्या वायूपासून ऊर्जा मिळवून अन्न तयार करतात.

मात्र येथे घाईने निष्कर्ष काढणे बरे नव्हे. हे जिवाणू वापरतात तो पाण्यातील प्राणवायू अखेर सूर्यप्रकाशावर वाढणाऱ्या वनस्पतींचीच देणगी आहे. सूर्याशी नाते खऱ्या अर्थाने तुटते ते तळाच्या खडकांतून निघणारा हायड्रोजन व कार्बन डायऑक्साइड यांवर जगून मिथेन निर्माण करणाऱ्या सूक्ष्मजीवांत. गावोगावच्या गोबर गॅस संयंत्रांत याच गटातील जीव काम करीत असतात.

शनीचा एन्सेलाडस हा उपग्रह जेमतेम ५०० किलोमीटर व्यासाचा. पृष्ठभागाचे तापमान उणे २०० अंश सेल्सिअसच्या आसपास. तरीही २००५ साली कॅसिनी यानास त्याच्या दक्षिण ध्रुवाजवळून वाफेचे व हिमकणांचे फवारे उसळताना आढळले. बर्फाच्या कवचाखाली तेथे खारा समुद्र आहे. शनीच्या कमीअधिक ओढीने अंतर्भागात घर्षण होऊन उष्णता निर्माण होते. २०१५ मध्ये यान फवाऱ्यातूनच गेले. त्यात हायड्रोजन असल्याचे २०१७ साली, तर हिमकणांत फॉस्फेट असल्याचे २०२३ साली जाहीर झाले.

अन्न आहे, पण खाणारा आहे काय? हायड्रोजन शिल्लक उरतो याचा अर्थ तो खाणारे तेथे कोणी नाही, असाही लावता येतो. जीव शोधणारी उपकरणे कॅसिनीवर नव्हतीच. गुरूच्या युरोपा या उपग्रहाखालील समुद्र जीवनास अनुकूल आहे काय, हे पाहण्यासाठी ऑक्टोबर २०२४ मध्ये निघालेले ‘युरोपा क्लिपर’ २०३० साली गुरूपाशी पोहोचणे अपेक्षित आहे.