काजूच्या डोंगरावरची खोप

पेडण्यात काजूचा हंगाम फेब्रुवारी-मार्चला लागतो तो मेपर्यंत चालतो. तेवढे दिवस राखणीला आणि फेणीच्या भट्टीपाशी डोंगरावर माणूस हवा, म्हणून खोप. आमची खोप बरीच वर्षे ओस होती. पणजीहून सुट्टीच्या दिवशी जाऊन आम्ही ती पुन्हा उभी केली. हाताशी कोयता, पहार आणि वाड्यावरचे जाणते आबा. तिथे शिकलो ते सांगतो.

१. आल्या आल्या मोडतोड करू नका. पाणी कुठून शिरले ते आधी बघा. गोव्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि तो नैऋत्येच्या वाऱ्यावर येतो. त्या बाजूचा कूड, म्हणजे विणलेली भिंत, पार कुजला होता, पूर्वेचा मात्र शाबूत. म्हणून पश्चिमेची वळचण वाकून आत शिरावे लागेल इतकी खाली घेतली.

२. बांबू दिवाळीनंतर तोडावा. बांबूत पिष्ट असते आणि भुंगेरा त्यावरच येतो. आबा बेटात शिरून कोयत्याच्या पाठीने एकेक बांबू ठोकत. कोवळा बद्द वाजतो, जून खणखणतो. यंदाचे कोंब राखून जूनच काढायचे आणि ओहोळात दगडाखाली दाबून ठेवायचे; पिष्ट पाण्यात उतरते. खांबाचे वरचे टोक पेराच्या लगेच वर कापावे. पेरापासून उंच कापले तर नळीत पाणी साठते आणि खांब वरून कुजायला लागतो.

३. बांधायला केवण, म्हणजे मुरुडशेंगेचा सोप. बोटभर जाडीच्या फांदीची साल दगडावर हलकी ठेचली की आतला सोप लांबच लांब निघतो. तो भिजवूनच आवळायचा, कोरडा तुटतो. खिळ्याने बांबू चिरतो, गाठीने चिरत नाही.

४. छपराचे झापे खालून वर, एकावर एक चढवत. चुडते भिजवून विणली की पाती मोडत नाहीत.

५. आपल्या जमिनीतले झाडही परवानगीशिवाय तोडता येत नाही. गोव्यात त्यासाठी १९८४ चा कायदा आहे. आम्ही जुने वासेच तासून वापरले. मला तर कायदा नसता तरी हेच पटले असते.

६. भट्टी खोपीपासून लांब, वाऱ्याच्या खालच्या अंगाला. सुक्या झापांना एक ठिणगी पुरते.

काजूच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती ज्या खोपींच्या आधाराने गाळली गेली, त्यांच्यावर आता पत्रे चढताहेत. पेडण्यात, डिचोलीत तुमची जुनी खोप असेल, तर पत्रा आणण्याआधी वाड्यावरच्या एखाद्या आबांना डोंगरावर घेऊन जा. कूड विणणारे हात आता थोडे उरलेत. याच हंगामात त्यांच्याकडून शिकून घ्या.