पोटमाळ्यावरची खोली आणि तिचा दाखला

लंडनच्या वायव्य उपनगरांत आम्ही घराच्या शोधात होतो, तेव्हा एक जोडघर आमच्या सर्वांच्या मनात भरले, आणि त्याचे मुख्य कारण म्हणजे कौलांखालच्या पोटमाळ्यात काढलेली, उतरत्या छताची व मागील बागेकडे खिडकी असलेली चौथी खोली. विकणाऱ्या गृहस्थांनी मोठ्या विश्वासाने कौन्सिलचे एक पत्र दाखविले. त्यात या कामास नियोजन-परवानगीची जरुरी नाही, असे स्पष्ट नमूद होते. आमच्या सॉलिसिटर बाईंनी ते वाचले, आणि इमारत-नियमांनुसार काम पुरे झाल्याचा दाखला मागितला. तो कोठेच नव्हता.

घराच्या बाह्य रूपाने परिसरास व शेजाऱ्यांस बाध येतो की काय, हे नियोजन-खाते पाहते. त्या घरात निजणाऱ्यांचे जीव सुरक्षित आहेत की काय, हे इमारत-नियंत्रण खाते पाहते. आणि पहिल्याने मोकळीक दिली म्हणून दुसऱ्याचा अधिकार लवमात्र उणा होत नाही. इकडे नव्याने घर घेणाऱ्या आपल्या मंडळींना हे मी पुनःपुन्हा सांगतो, कारण ‘परवानगी लागत नाही’ एवढे अर्धे वाक्य ऐकून कामास हात घालणारे फार.

मालकांच्या संमतीने आमच्या सर्वेक्षकाने गालिचाचा कोपरा उचलला, एक फळी सोडविली आणि विजेरीच्या उजेडात आत पाहावयास सांगितले. खालच्या छताचा गिलावा पेलण्यापुरत्याच बसविलेल्या, जेमतेम चार इंच खोलीच्या जुन्या कड्यांवर पलंग, कपाट आणि माणसे यांचा सारा भार टाकलेला होता. छपराचे वजन तोलणारे तिरकस टेकू जागा मोकळी करण्यासाठी कापून टाकलेले होते. आणि वरून येणारा जिना उघडाच दिवाणखान्यात उतरत होता. रात्री त्या दिवाणखान्यात आग लागती, तर वर निजलेल्या मुलास बाहेर पडण्याची एकमेव वाट त्याच धुरातून होती. तो व्यवहार आम्ही सोडला. पुढे दुसरे घर घेऊन त्याच्या पोटमाळ्यात खोली काढली, तेव्हाचा अनुभव असा.

इंग्लंडात ओळीतल्या घराच्या छपरात एकूण 40 घनमीटर, आणि सुट्या घरास वा जोडघरास 50 घनमीटर इतकी वाढ सामान्यतः अर्जावाचून करता येते. मात्र पूर्वीच्या मालकाने छपरात केलेली वाढही याच हिशेबात धरली जाते. आढ्याहून उंच जाता येत नाही, आणि रस्त्याकडील दर्शनी उताराच्या पुढे काही काढता येत नाही. संरक्षित परिसरातील घरांना छपराच्या अशा वाढीची, आणि सदनिकांना मुळातच, ही सवलत नाही. सवलत लागू असली, तरी काम कायदेशीर असल्याचा दाखला कौन्सिलकडून आधीच मागून घ्यावा. त्यास फी पडते, परंतु घर विकतेवेळी तकरारीस जागा उरत नाही.

खरे लक्ष इमारत-नियमांकडे द्यावे. जुन्या कड्यांवर विसंबून न राहता हिशेबाप्रमाणे नव्या, जाड कड्या आणि बहुधा पोलादी तुळयाही घालाव्या लागतात. जिन्यावर डोक्यास 2 मीटर मोकळी उंची हवी. छपराच्या उतारामुळे ती साधत नसेल, तर मध्यभागी 1.9 आणि कडेस 1.8 मीटर चालते. दुमजली घरास तिसरा मजला चढला, म्हणजे त्या मजल्यापासून थेट बाहेरच्या दारापर्यंत जिन्याची वाट किमान 30 मिनिटे आग थोपविणाऱ्या भिंतींनी बंदिस्त करावी लागते. खालच्या खोल्यांची साधी दारे बदलावी लागतात, आणि प्रत्येक मजल्यावर विजेवर चालणारे, एकमेकांस जोडलेले धूर-सूचक बसवावे लागतात. खर्चामुळे पुष्कळांच्या कपाळावर आठ्या चढतात त्या याच नियमाने. मला तो सर्वांत न्याय्य वाटतो. निरीक्षकास कड्यांवर फळ्या ठोकण्यापूर्वी बोलवावे. झाकलेले काम तो मान्य करीत नाही, आणि उघडावयास लावतो.

सामाईक भिंतीत तुळई रोवावयाची असेल, तर 1996 च्या सामाईक भिंतींच्या कायद्याप्रमाणे शेजाऱ्यास दोन महिने आधी लेखी सूचना द्यावी लागते. त्याने 14 दिवसांत लेखी संमती न दिल्यास हरकत आहे असेच समजले जाते, आणि सर्वेक्षक नेमून निवाडा घ्यावा लागतो. म्हणून कागद धाडण्यापूर्वी नकाशा घेऊन स्वतः त्याच्या दारी जावे.

कंत्राटदाराचा अखेरचा हप्ता पूर्तता-दाखला हाती आल्याखेरीज देऊ नये, आणि तशी अट करारातच घालावी. ज्यांनी विनादाखल्याची खोली आधीच विकत घेतली आहे, त्यांनी 11 नोव्हेंबर 1985 नंतर झालेल्या कामासाठी कौन्सिलकडे नियमितीकरणाचा अर्ज करावा. तपासणीसाठी थोडाबहुत गिलावा फोडावा लागेल, आणि तोवर त्या खोलीत कोणास निजू देऊ नये.