शब्दविचार : ‘कम्फर्ट’

‘कम्फर्ट’ हा इंग्रजी शब्द केदारखेड्यासारख्या गावीही गादी, खुर्ची व प्रवास यांविषयी बोलताना कानी पडतो. तेथे त्याचा अर्थ आराम. परंतु त्याचे मूळ लॅटिन ‘फॉर्टिस’, म्हणजे बळकट, या शब्दात आहे. १४व्या शतकातील विक्लिफच्या इंग्रजी शास्त्रात फिलिप्पै ४:१३ येथे तो ‘बळ देणे’ या अर्थीच योजिला आहे. पुढे १६११ च्या भाषांतरात योहान १४:१६ येथे पवित्र आत्म्यास ‘कम्फर्टर’ म्हटले. आपल्या मराठी शास्त्रात तेथे ‘कैवारी’ आहे. तेव्हा सांत्वन म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे, असे आम्ही म्हणतो. शोकामुळे ज्या घरी चूल पेटली नाही, तेथे भाकरी न्यावी, जवळ बसावे व धीर द्यावा.