नगराचे राखणदार

महाराष्ट्रातील खेड्यात पाऊल टाकावे, तर बहुधा वेशीपाशीच मारुतीचे दर्शन घडते. गावात गावदेवीचे देऊळ असते, शिवारात म्हसोबा असतो, आणि कोकणात तर गावोगाव राखणदार मानतात. दिवसभर राबून गाव झोपी जाते, तेव्हा हे राखणदार जागे असतात, अशी लोकांची श्रद्धा आहे. पेरणीपूर्वी त्यांच्यापुढे नारळ वाढवावा, सुगीच्या वेळी त्यांचा मान द्यावा, ही जुनी रीत होय. घराला जसे दार, शेताला जसे कुंपण, तसा गावाला राखणदार.

गगनाला भिडणाऱ्या इमारतींच्या मुंबईत असे राखणदार कोठून असणार, असे कोणासही वाटेल. परंतु आज एकसंध दिसणारी मुंबई पूर्वी सात बेटांची होती. कुलाबा, धाकटा कुलाबा, मुंबई, माझगाव, परळ, वरळी आणि माहीम ही ती बेटे. त्यांवर कोळ्यांच्या वस्त्या होत्या, भाताची खाचरे होती, नारळी-ताडांची बने होती. आणि प्रत्येक वस्तीला तिचे दैवत होते. पुढे खाड्या बुजल्या, बेटे जोडली गेली, शेतांवर घरे उठली. गावे शहराच्या पोटात नाहीशी झाली. पण त्यांची दैवते राहिली. गिरगावाजवळचा गावदेवी हा भाग, दादरच्या शेजारची प्रभादेवी, माहीमची शितळादेवी, परळची बारादेवी, ही त्या हरवलेल्या गावांची खूण आहे. प्रभादेवीजवळच्या रेल्वे स्थानकाला एका इंग्रज गव्हर्नराच्या नावावरून एल्फिन्स्टन रोड म्हणत. २०१८ साली ते नाव जाऊन स्थानकाला देवीचे नाव मिळाले. गव्हर्नर येतात आणि जातात. ग्रामदेवता मात्र आपले ठाणे सोडत नाही.

या साऱ्या राखणदारांत मान मुंबादेवीचा. ती कोळ्यांची देवी. मुंबा आणि आई या दोन शब्दांतून मुंबई हे नाव झाले, असे सामान्यतः मानतात. लोककथा सांगते की, मुंबारक नावाचा एक बलाढ्य दैत्य या बेटावरील लोकांना छळीत असे. लोकांनी देवांचा धावा केला, तेव्हा देवांच्या तेजातून एक देवी प्रकट झाली. तिने दैत्याला जमिनीवर लोळविले. शरण आलेल्या दैत्याने एकच मागणे मागितले, “माझे नाव तू धारण कर.” देवीने ते मान्य केले. कथा खरी की कल्पित, हा प्रश्न वेगळा. परंतु रक्षण करणाऱ्याच्या मनात सूड नसावा, ही समजूत त्या कथेत आहे.

या देवीचे मूळ स्थान आजच्या ठिकाणी नव्हते. जेथे आज छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे भव्य रेल्वे स्थानक उभे आहे, त्या परिसरात तिचे जुने देऊळ होते. इंग्रजांना आपला किल्ला बळकट करावयाचा होता. त्या कामासाठी अठराव्या शतकात देऊळ तेथून हलले आणि आजच्या झवेरी बाजाराजवळच्या वस्तीत देवीची पुन्हा स्थापना झाली. राखणदाराची जागा तटबंदीने घेतली, असेच म्हणावे लागेल.

इंग्रजांच्या या चिंतेला कारणही तसेच होते. १७३९ साली चिमाजी अप्पांच्या सैन्याने पोर्तुगीजांकडून वसईचा किल्ला जिंकला. मराठी फौजा मुंबईच्या अगदी दाराशी आल्या. तेव्हा मुंबईच्या व्यापाऱ्यांनी किल्ल्याभोवती खंदक खणण्यासाठी तीस हजार रुपये उभे केले. किल्ल्याला तीन मोठे दरवाजे होते: अपोलो गेट, चर्चगेट आणि बाजारगेट. सायंकाळी दरवाजे मिटत. मग आतला माणूस आत आणि बाहेरचा माणूस बाहेर. तटावर पहारेकरी फिरत आणि नगर निर्धास्त झोपे.

परंतु त्यानंतर वेढा घालून मुंबईचा तो किल्ला जिंकून घेण्यास शत्रू कधी आलाच नाही. उलट नगर वाढत गेले आणि तोच तट लोकांच्या अंगाला आवळू लागला. आत गर्दी झाली, हवा कोंडली. अखेर १८६० नंतरच्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकिर्दीत तट पाडण्यात आला. आज चर्चगेट हे नाव रोज लाखो प्रवाशांच्या तोंडी असते. मात्र त्या नावाचा दरवाजा कोणी पाहिलेला नाही. ज्या किल्ल्यासाठी देवीला आपली जागा सोडावी लागली, त्याचा तट गेला. देवी आहे आणि तिच्या दारी आजही फुलांच्या माळा आहेत.

तटाला न जुमानणारे शत्रूही असतात. ते शिडी लावून येत नाहीत. ते गलबतातून येतात, पाण्यातून येतात, श्वासातून येतात. साथीचे रोग हे ते शत्रू होत. त्यांतील एका भयंकर रोगाला मराठीत ‘देवी’ असेच नाव पडले. शितळादेवीचा कोप झाला म्हणजे अंगावर फोड उठतात, असे लोक समजत. म्हणून मुलांच्या आया तिची करुणा भाकीत. या रोगाने असंख्य मुले दगावली. जी वाचली त्यांच्या चेहऱ्यावर जन्मभर व्रण राहिले, कित्येकांची दृष्टी गेली.

इंग्लंडमध्ये एडवर्ड जेन्नर यांनी १७९६ साली या रोगावर लस टोचण्याची रीत शोधून काढली. ती लस १८०२ साली मुंबईत पोहोचली. १४ जून १८०२ रोजी ॲना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला ती टोचण्यात आली. भारतात देवीची लस यशस्वी रीतीने टोचून घेणारी ती पहिली व्यक्ती. तिच्या दंडावर उठलेल्या फोडातील द्रव घेऊन इतर मुलांना टोचले गेले आणि अशा रीतीने एका दंडावरून दुसऱ्या दंडावर जात ती लस पुढच्या गावांना गेली. मराठी लोकांनी या टोचण्याला ‘देवी काढणे’ असे नाव दिले. रोगाचे नाव देवी आणि त्याला अडविणाऱ्या लशीचेही नाव देवी! १९७५ साली भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण आढळला आणि १९८० साली हा रोग साऱ्या जगातून नाहीसा झाल्याचे जाहीर करण्यात आले.

याहून मोठी कसोटी १८९६ साली आली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात डॉ. अकासिओ व्हिएगास यांनी मांडवी भागातील रुग्ण तपासून ग्रंथिज्वराची, म्हणजे प्लेगची, साथ ओळखली. भीतीने लोक मुंबई सोडून जाऊ लागले. गोदीतले काम मंदावले, गिरण्यांना मजूर मिळेनात. त्या वेळी वाल्डेमार हाफकिन या शास्त्रज्ञाने लहानशा प्रयोगशाळेत रात्रंदिवस खपून प्लेगची लस तयार केली. ती निर्धोक आहे, हे कोणावर पाहावयाचे? १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी ती प्रथम स्वतःलाच टोचून घेतली. दुसऱ्याच्या दारावर पहारा देणाऱ्याने संकटाचा पहिला वार आपल्या अंगावर घ्यावा, हा राखणदाराचा धर्म त्यांनी पाळला. १८९९ साली त्यांची प्रयोगशाळा परळ येथील गव्हर्नराच्या जुन्या निवासस्थानात गेली. १९२५ पासून ती हाफकिन संस्था या नावाने ओळखली जाते.

साथीने आणखी एक गोष्ट शिकविली. अंधाऱ्या खोल्या, तुंबलेली गटारे आणि दाटीची वस्ती हेच रोगाचे खरे दरवाजे होते. म्हणून १८९८ साली नगरसुधारणेसाठी एक मंडळ स्थापन झाले. रुंद रस्ते काढणे, हवेशीर वस्त्या वसविणे हे त्याचे काम. दादर-माटुंग्याकडील सरळ रस्ते आणि आखीव वस्त्या त्याच योजनेतून उभ्या राहिल्या. पूर्वी रक्षण म्हणजे भिंत बांधणे होते. आता रक्षण म्हणजे खिडकी उघडणे झाले.

हाफकिन यांची प्रयोगशाळा परळला आल्यास बत्तीस वर्षे झाली होती. १९३१ साली परळ-शिवडीच्या बाजूस रस्त्याचे काम चालू असता जमिनीतून एक प्रचंड शिळा निघाली. तिची उंची तीन मीटरांहून अधिक, आणि तीवर शिवाच्या सात मूर्ती कोरलेल्या. मध्यभागी एक मूर्ती शांतपणे उभी आहे. तिच्या खांद्यांमागून दुसरी वर निघाली आहे, आणि तिच्याही मागून तिसरी. दोन्ही बाजूंना आणखी दोन दोन मूर्ती बाहेर झेपावत आहेत. जणू एकाच बीजातून खोड निघावे आणि खोडातून फांद्या फुटाव्यात! पायाशी लहान लहान गण वाद्ये वाजवीत आहेत. पुरातत्त्व खात्याने ही शिळा इ. स. पाचव्या किंवा सहाव्या शतकातील मानली आहे. समोरच्या समुद्रातील घारापुरीची लेणीही साधारण त्याच काळातील. म्हणजे मुंबई हे नगर जन्मास येण्यापूर्वी हजार वर्षे हा शिव या बेटावर होता.

किती काळ तो मातीखाली होता? त्याच्या आसपास गिरण्यांचे भोंगे वाजत होते, चाळींत पाळणे हलत होते, लालबाग-परळचे हजारो कामगार पहाटे त्याच बाजूच्या रस्त्यांनी कामावर जात होते. राखणदार भूमीत आणि नगर वर, असे चालले होते. त्या दिवशी खोदणाऱ्यांनी शिळा फोडून तिची खडी केली असती, तर कोणाला कळलेही नसते. परंतु तसे झाले नाही. शिळा जवळच्याच बारादेवीच्या मंदिरात नेण्यात आली. तेथे ती आजही एका स्वतंत्र दालनात असून लोक तिची पूजा करतात. तिचा एक साचा मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळतो.

शिळा सापडल्यानंतरही परळ बदलतच राहिले. १९८२ साली गिरणी कामगारांचा मोठा संप झाला. त्यानंतर एकामागून एक गिरण्या बंद पडल्या, भोंगे थांबले आणि कित्येक धुराड्यांच्या जागी उंच मनोरे उभे राहिले. कामगारांची कितीतरी कुटुंबे दूर गेली. चौदा-पंधराशे वर्षांच्या त्या शिवाने आणखी एक नगर उगवताना आणि मावळताना पाहिले.

राखणदार नगराला राखतो, ही जुनी श्रद्धा. परंतु या साऱ्या कथांकडे नीट पाहिले, तर तिची दुसरी बाजूही दिसते. मुंबादेवी हलविली गेली, तेव्हा तिला नवे घर लोकांनीच दिले. मातीतली शिळा सापडली, तेव्हा ती लोकांनीच जपली. देवीच्या साथीपुढे मुलांचे दंड पुढे झाले. प्लेगपुढे एका शास्त्रज्ञाने स्वतःचा देह पुढे केला. राखणदार दगडाचा असो वा देवळातला, त्याची डोळ्यांची पापणी न मिटणारी जागृती माणसाने उचलली, तरच नगर सुरक्षित राहते. जुन्या विहिरीत केर टाकण्यास निघालेला हात जो थांबवितो, रस्त्याच्या कडेची कोरीव शिळा जो ओळखतो, साथीच्या दिवसांत शेजाऱ्याची विचारपूस जो करतो, तो त्या रात्रीचा पहारेकरी होय. तट पडतात, दरवाजे जातात. हा पहारा मात्र एका पिढीने दुसरीच्या हाती द्यावयाचा असतो.

स्वाध्याय

१. मुंबईतील कोणत्या भागांची नावे ग्रामदेवतांवरून पडली आहेत?
२. मुंबईच्या किल्ल्याचा तट का बांधला गेला आणि का पाडला गेला?
३. ‘पूर्वी रक्षण म्हणजे भिंत बांधणे होते, आता रक्षण म्हणजे खिडकी उघडणे झाले.’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
४. ‘देवी’ या शब्दाचे पाठात आलेले निरनिराळे अर्थ सांगा व प्रत्येक अर्थाचे एक वाक्य लिहा.
५. तुमच्या गावातील किंवा वस्तीतील एखाद्या जुन्या देवळाची, विहिरीची अथवा शिळेची माहिती वडीलधाऱ्यांना विचारून दहा ओळी लिहा.