फिजिक्स घेण्याआधी वीस हेलकावे मोजा

भंडारा जिल्ह्यात धानाची रोवणी आणि कॉलेजच्या ॲडमिशनची धावपळ साधारण एकाच वेळी येते. बांधीतून घरी आलेले वडील विचारतात, "फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केली, तर पुढं काय?" प्रश्न रास्त आहे. पण त्याआधी, पहिलं वर्ष मुलाकडून काय मागतं ते पाहा.

गती, बल, संवेग, जडत्व, दोलनं, द्रवाचा दाब. नावं शाळेतलीच, म्हणून मुलं गाफील राहतात. बदलतं ते गणित. डेरिव्हेटिव्ह आणि व्हेक्टरशिवाय इथं पान उलटत नाही. नीटसाठी अकरावीतच गणित सोडलेल्यांना हे फार जड जातं. त्यांनी दोनदा विचार करावा, असं मी स्पष्ट सांगेन. इंग्रजीचं एवढं भय मात्र नको. 'मोमेंटम' म्हणजे दहावीपर्यंतचा आपला संवेगच.

घरीच एक प्रयोग करा. दोऱ्याला लोखंडी नट बांधून खिळ्याला टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंत बरोबर 1 मीटर. हलकासा झोका देऊन मोबाइलच्या स्टॉपवॉचवर एक हेलकावा मोजा, जाऊन परत येईपर्यंतचा. सुमारे 2 सेकंद. बोट 0.2 सेकंद चुकलं, तर चूक 10 टक्के. या वेळेवरून गुरुत्वत्वरण काढता येतं. त्याच्या सूत्रात काळाचा वर्ग येतो, त्यामुळे उत्तरात ती जवळपास दुप्पट होते. आता सलग 20 हेलकावे मोजा. बोट तेवढंच चुकलं तरी ते 40 सेकंदांत चुकतं, आणि उत्तर 9.8 च्या अगदी जवळ येतं. "मग 50 मोजले तर?" असं मुलगी विचारते, की दोरा गुंडाळून ठेवते? गुणपत्रिकेत न दिसणारं काहीतरी इथं दिसतं.

अभ्यासही असाच करायचा. गाइडमधली सोडवलेली उदाहरणं वाचून फिजिक्स येत नाही; आकृती काढून प्रत्येक बल स्वतः दाखवावं लागतं. वैनगंगेवरचं गोसीखुर्द धरण पाहिलंय ना? 10 मीटर खोलीवर पाणी दर चौरस मीटरला सुमारे 10 टनांचा रेटा देतं. दरवाजाचा खालचा भाग जास्त मजबूत का लागतो, हे स्वतः मांडून बघा.

आता वडिलांचा प्रश्न. आयआयटीत एम.एस्सी.साठी तिसऱ्या वर्षात 'जॅम' परीक्षा देता येते आणि तिच्या फिजिक्सच्या पेपरात यांत्रिकी, दोलनं असतातच. म्हणजे पहिल्या वर्षाची वही फेकायची नाही. एम.एस्सी.नंतर भाभा अणुसंशोधन केंद्राची प्रशिक्षणशाळा आहे, त्यासाठीचा वेगळा अभ्यासक्रम केल्यास कॅन्सर रुग्णालयांत रेडिएशनच्या डोसचं गणित मांडणाऱ्या मेडिकल फिजिसिस्टचं काम आहे, नेट-सेट देऊन प्राध्यापकी आहे. बी.एड. करून शाळेत शिकवता येतं. हा रस्ता पाच-सहा वर्षांचा आहे. घरखर्चाचा हिशेब तसाच धरा.

कॉलेज भंडाऱ्यातलं असो की नागपूरचं, फी भरण्याआधी प्रयोगशाळा बघून या. मुलं रीडिंग स्वतः घेतात, की जुन्या जर्नलवरून उतरवतात, हे दुसऱ्या वर्षाच्या मुलांना विचारा. ती खरं सांगतात.