कणीस आणि कडबा

‘ज्वारीचे दाणे आपण खातो, मग कडबा का खात नाही?’ सामान्य विज्ञानाच्या तासाला एखादा मुलगा असा प्रश्न विचारतो आणि वर्ग हसतो. शिक्षकाने मात्र हसू नये. सजीवांतील बहुशर्करांचा बहुतेक पाठ या एका प्रश्नात सामावलेला आहे.

दाण्यातील पिष्ट व कडब्यातील सेल्युलोज या दोन्ही एकाच मण्याच्या माळा होत. तो मणी म्हणजे ग्लुकोज, अर्थात द्राक्षशर्करा. एक मणी दुसऱ्यास जोडला जाताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो. अशा शेकडो-हजारो मण्यांची जी साखळी होते, तीच बहुशर्करा. मग एक अन्न आणि दुसरी वैरण, हा भेद कोठून आला? तो केवळ जोडणीचा आहे. पिष्टात सारे मणी एकाच बाजूस तोंड करून जोडलेले असतात. त्यामुळे साखळीस पीळ पडून ती मळसूत्रासारखी वळते, व पुष्कळ साखळ्यांना फाटेही फुटतात. सेल्युलोजमध्ये प्रत्येक मणी शेजारच्या मण्याच्या उलट फिरविलेला असतो. त्यामुळे साखळी सरळ राहते, आणि अशा साखळ्या परस्परांस घट्ट बिलगून त्यांचे चिवट तंतू बनतात. वनस्पतींच्या पेशीभित्तिका मुख्यत्वे या तंतूंच्या बळावर उभ्या असतात.

आपल्या लाळेतील व आतड्यातील पाचक रस पहिली जोडणी तोडतात. दुसरी त्यांना तुटत नाही. ‘गाय कडबा पचविते’ असे आपण सांगतो, परंतु ते अर्धेच खरे आहे. गाईचे स्वतःचे पाचक रसही येथे निरुपयोगी ठरतात. तिच्या पोटाच्या पहिल्या मोठ्या कप्प्यात असंख्य सूक्ष्मजीव राहतात. ते सेल्युलोज फोडतात व त्यापासून होणाऱ्या आम्लांवर गाईचे पोषण होते.

वनस्पती साखर साखरेच्याच रूपात का साठवीत नाही, हेही मुलांना विचारावे. विरघळलेली साखर पेशीत पाणी ओढून घेते. हजारो मणी एका साखळीत ओवले, की हा उपद्रव टळतो. प्राणीही हीच युक्ती योजतात. क्लोद बर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५७ साली यकृतातून ग्लायकोजेन वेगळे केले. त्याची रचना पिष्टासारखीच, पण फाटे अधिक दाट. टोके अनेक असल्याने निकडीच्या वेळी अनेक ठिकाणांहून एकदम ग्लुकोज सुटते. खेकड्याच्या व कीटकांच्या कवचातील कायटिन हे मात्र सेल्युलोजचे भावंड. जोडणी तीच, फक्त मण्याला नायट्रोजनयुक्त गट चिकटलेला.

आता प्रयोगाविषयी. भाकरीचा घास दोन-तीन मिनिटे चावावयास सांगावा. तो गोडसर लागू लागतो, कारण लाळेने पिष्टाचे तुकडे पडून माल्टोज ही शर्करा तयार होते. बटाट्याच्या फोडीवर पातळ आयोडीनचा थेंब टाकला असता निळा-काळा रंग येतो. आयोडीन पिष्टाच्या मळसूत्रात शिरून बसते, त्याचा हा रंग. सेल्युलोजच्या सरळ साखळीत त्याला तशी जागा नाही.

येथे एक चूक माझ्या हातून घडली आहे. सेल्युलोजचा नमुना म्हणून मी वहीचा कागद घेतला आणि तो निळा झाला! ‘गुरुजी, कागदात पिष्ट आहे,’ असे एक मुलगी म्हणाली. मी तिला गप्प बसविले. तिचेच खरे होते. पुष्कळ कागदांना तयार करताना पिष्टाची खळ दिलेली असते, नव्या कोऱ्या कापडासही. दुसऱ्या दिवशी वर्गापुढे तसे कबूल करून मी तो प्रयोग पुन्हा केला.

म्हणून नमुन्यास औषधाच्या दुकानातील शोषक कापूस घ्यावा. बोंडातील कापूस शुद्ध असला तरी त्यावर मेणाचा पातळ थर असतो, थेंब वरच राहतो. आयोडीन विषारी असल्याने बाटली शिक्षकाने स्वतःजवळ ठेवावी व तपासलेला पदार्थ कोणासही खाऊ देऊ नये. भाताची पेज तपासावयाची असल्यास ती पूर्ण निवू द्यावी. कढत पेजेत निळा रंग टिकत नाही.